रक्तातील शर्करा, स्नायूतील शर्करा : रक्तवाहिन्यांच्या संप्रेरकांचा विचार

प्रास्ताविक

मधुमेहाची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याला एक अनुभव वारंवार येतो. दोन रुग्ण समोर बसलेले असतात. वय जवळपास सारखे, आहार सारखा, औषधेही बहुतांशी तीच. एकाची शर्करा दोन महिन्यांत आटोक्यात येते. दुसऱ्याची मात्र तसूभरही हलत नाही. तपासणी केली तर या दुसऱ्या रुग्णाच्या रक्तात इन्सुलिन कमी नसते. कित्येकदा ते प्रमाणाबाहेर असते. रक्तात शर्करा आहे, इन्सुलिन आहे, तरी स्नायू उपाशी. या अवस्थेला 'इन्सुलिन-प्रतिरोध' असे नाव देऊन आपण पुढच्या रुग्णाकडे वळतो. परंतु हा प्रतिरोध नेमका कोठे होतो, हा प्रश्न तसाच राहतो.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले गेले ते आमच्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या आसपासचे एक किराणा दुकानदार आमच्याकडे चिकित्सेसाठी येत असत. स्थूल देह, दिवसभर गल्ल्यावर बैठक, रक्तदाब वाढलेला. चालू असलेल्या गोळ्यांच्या जोडीला आम्ही त्यांना एक कल्प दिला आणि समजावताना सहज म्हणून गेलो, "तुमच्या शिरा आवळल्या आहेत, त्या या औषधाने मोकळ्या होतील." गृहस्थांनी ते वाक्य शब्दशः घेतले. शिरा मोकळ्या होणार, मग गोळ्या कशाला, असा विचार करून त्यांनी त्या परस्पर बंद केल्या. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा शर्करा चारशेच्या वर होती; तहान, थकवा आणि वजनात घट स्पष्ट दिसत होती. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ते बरे होऊन परतले. आम्ही जे बोललो होतो त्यात सत्याचा एक अंश होता. पण तो किती, कोणत्या मर्यादेत, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. त्या मर्यादेचा शोध घेताना जे हाती आले ते वैद्यमित्रांसमोर आणि औषधी भांडार चालविणाऱ्या बंधुभगिनींसमोर ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच शब्दांविषयी एक खुलासा करणे इष्ट ठरेल. 'स्नायू' हा शब्द येथे रूढ मराठीतील अर्थाने, म्हणजे हाडांना हालचाल देणाऱ्या मांसल अवयवासाठी वापरला आहे. संहितेतील 'स्नायु' येथे अभिप्रेत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या पृष्ठभागावर पेशींचा जो एकपदरी थर असतो आणि ज्याला आधुनिक वैद्यक एंडोथेलियम म्हणते, त्याला आम्ही 'अंतःस्तर' म्हटले आहे.

शर्करेचा मार्ग

जेवणानंतर रक्तात आलेली शर्करा स्नायूच्या उपयोगी पडण्यासाठी तीन टप्पे पार पडावे लागतात. पहिला टप्पा पोहोचण्याचा : धमनीतून सूक्ष्म धमन्यांत, तेथून केशवाहिन्यांत आणि केशवाहिनीच्या भिंतीतून स्नायूपेशीच्या भोवतालच्या द्रवात. दुसरा टप्पा पेशीत शिरण्याचा. येथे ग्लूट-४ नावाचे वाहक प्रथिन काम करते. एरवी ते पेशीच्या आत दडून असते. इन्सुलिनचा संकेत मिळाला की पेशीच्या आवरणावर येते आणि शर्करेला आत घेते. तिसरा टप्पा पेशीतील प्रक्रियेचा : आत आलेल्या शर्करेला फॉस्फेट जोडला जातो व ती परत बाहेर जाऊ शकत नाही.

दीर्घकाळ सर्व संशोधन दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यावर केंद्रित होते. पहिला टप्पा गृहीत धरला जात असे. रक्त तर सर्वत्र फिरतेच आहे, मग पोहोचण्याची चिंता कशाला, अशी धारणा होती.

ही धारणा अपुरी का, हे आपल्याकडच्या पाटबंधाऱ्यांच्या उदाहरणाने सहज उमगेल. पाटाला पाणी भरपूर सुटले म्हणजे प्रत्येक वाफा भिजला, असे होत नाही. पाटकऱ्याने चारीचे दार उघडले पाहिजे आणि शेतकऱ्याने बारे धरून पाणी वाफ्यात वळविले पाहिजे. चारीचे दार बंद असेल तर पाट तुडुंब वाहूनही वाफा कोरडाच राहतो. स्नायूतील केशवाहिन्यांचे तसेच आहे. विश्रांतीच्या वेळी सर्व केशवाहिन्यांतून सारखे रक्त खेळत नाही. पुष्कळशा जाळ्यात प्रवाह अगदी मंद असतो. गरज पडली की त्यांच्या मुखाशी असलेल्या सूक्ष्म धमन्या सैल होतात आणि अधिक केशवाहिन्या कामात घेतल्या जातात. त्या सैल करावयाच्या की आवळावयाच्या, हे ठरविण्यात अंतःस्तरातून स्रवणाऱ्या द्रव्यांचा वाटा फार मोठा आहे.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी. केशवाहिनीतून केवळ शर्कराच नव्हे, तर इन्सुलिनही बाहेर पडून पेशीपर्यंत पोहोचावे लागते. स्नायूपेशीभोवतीच्या द्रवात इन्सुलिनचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा कमी असते आणि ते वाढण्यास वेळ लागतो. म्हणजे चारीचे दार बंद राहिले तर पाणीही अडते आणि बारे धरणाराही वाटेतच अडकतो.

अंतःस्तराची ओळख

रक्तवाहिनी म्हणजे निव्वळ नळी, ही कल्पना १९८० मध्ये मोडली. रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करताना दाखवून दिले की, ॲसिटिलकोलीन या द्रव्याने धमनी सैल होते, पण तिचा अंतःस्तर खरवडून काढला तर होत नाही. अर्थात सैल करणारा काही पदार्थ अंतःस्तरातूनच येतो. १९८७ मध्ये तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे निश्चित झाले. या शोधमालिकेसाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काटेकोर व्याख्येप्रमाणे नायट्रिक ऑक्साइड हे संप्रेरक नव्हे. ते काही सेकंदांतच नष्ट होते आणि जेथे निर्माण होते तेथेच काम करते. परंतु कार्याच्या दृष्टीने त्याला अंतःस्तराचा स्थानिक दूत म्हणावयास हरकत नाही.

सैल करणारा दूत सापडला तसा आवळणाराही लवकरच सापडला. १९८८ मध्ये जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीच्या अंतःस्तरपेशींतून २१ अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी केली. तिला एंडोथेलिन असे नाव मिळाले. रक्तवाहिनी आवळणाऱ्या ज्ञात द्रव्यांत ते अत्यंत प्रभावी गणले जाते आणि त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. अगदतंत्राच्या अभ्यासकांना एक गोष्ट विशेष रोचक वाटेल : पश्चिम आशियातील ॲट्रॅक्टास्पिस जातीच्या एका सर्पाच्या विषातील सॅराफोटॉक्सिन या घटकाची रचना एंडोथेलिनशी विलक्षण जुळते. जे द्रव्य त्या सर्पाचे शस्त्र आहे, त्याचेच भावंड आपल्या रक्तवाहिन्यांत अल्प प्रमाणात सतत स्रवत असते.

एंडोथेलिन दोन प्रकारच्या ग्राहकांवर काम करते. 'अ' प्रकारचे ग्राहक रक्तवाहिनीच्या भिंतीतील आकुंचनशील थरावर असतात. ते वाहिनी आवळतात. 'ब' प्रकारचे ग्राहक मुख्यतः अंतःस्तरावर असतात. ते नायट्रिक ऑक्साइड निर्माण करवून आवळण्याला लगाम घालतात. मात्र काही 'ब' ग्राहक आकुंचनशील थरावरही असतात व तेथे ते आवळण्याचेच काम करतात. निरोगी देहात या सर्वांचा तोल सांभाळला जातो.

इन्सुलिनची दोन तोंडे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इन्सुलिन केवळ स्नायूपेशीलाच संकेत देते असे नाही. ते अंतःस्तरालाही संकेत देते. १९९० मध्ये अलेन बॅरन यांच्या गटाने दाखविले की, इन्सुलिनमुळे पायाच्या स्नायूंतील रक्तप्रवाह वाढतो आणि स्थूल व्यक्तींमध्ये ही वाढ मंद असते. १९९४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील दोन स्वतंत्र गटांनी ही वाढ नायट्रिक ऑक्साइडवर अवलंबून असल्याचे सिद्ध केले. ते तयार होणे औषधाने रोखले की इन्सुलिनमुळे होणारी प्रवाहाची वाढ थांबते.

परंतु इन्सुलिन केवळ सैल करत नाही. १९९९ मध्ये कार्डिलो आणि सहकाऱ्यांनी मानवी हातावर केलेल्या प्रयोगांत दिसून आले की, इन्सुलिन एकाच वेळी नायट्रिक ऑक्साइड आणि एंडोथेलिन या दोघांनाही चालना देते. अंतःस्तरपेशीत इन्सुलिनच्या संकेताला दोन वाटा आहेत. एक वाट नायट्रिक ऑक्साइडकडे जाते, दुसरी एंडोथेलिनकडे. निरोगी माणसात दोन्ही वाटा चालू असतात व तोल राहतो. इन्सुलिन-प्रतिरोधात पहिली वाट मंदावते आणि दुसरी बहुतांशी चालूच राहते. त्यात प्रतिरोधावर मात करण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. परिणामी सैल करणारा दूत क्षीण आणि आवळणारा प्रबळ, अशी स्थिती निर्माण होते. जे इन्सुलिन दार उघडावयाचे, तेच अंशतः दार लावू लागते. स्थूलता, उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे त्रिकूट एकाच रुग्णात वारंवार का आढळते, याचे एक कारण येथे सापडते.

मोजमाप कसे होते

येथवरची विधाने कोणत्या मोजमापावर उभी आहेत, हे जाणणे आवश्यक आहे. १९७९ मध्ये डीफ्रॉन्झो व सहकाऱ्यांनी एक पद्धत प्रमाणित केली. शिरेतून इन्सुलिन ठराविक गतीने दिले जाते आणि रक्तशर्करा स्थिर राहावी म्हणून त्याच वेळी ग्लुकोजही दिले जाते. जितके अधिक ग्लुकोज द्यावे लागेल तितका देह इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देणारा. या पद्धतीने असे आढळले की, अशा स्थितीत देहाने वापरलेल्या शर्करेपैकी सुमारे ८० टक्के स्नायूंत जाते. म्हणूनच मधुमेहात स्नायूचे महत्त्व इतके आहे.

एखाद्या हाताने वा पायाने किती शर्करा घेतली हे मोजावयाचे तर धमनीतील शर्करेतून शिरेतील शर्करा वजा करावयाची आणि त्या फरकाला रक्तप्रवाहाने गुणावयाचे. समजा, धमनीत १०० मि.ली. रक्तामागे ९० मि.ग्रॅ. आणि शिरेत ७० मि.ग्रॅ. शर्करा आहे. फरक २० मि.ग्रॅ. प्रवाह मिनिटाला ५० मि.ली. असेल तर स्नायूंनी मिनिटाला १० मि.ग्रॅ. शर्करा घेतली. आता प्रवाह दुप्पट झाला, पण ते रक्त नव्या केशवाहिन्यांत न जाता जुन्याच मार्गाने वेगाने निघून गेले, तर फरक १० मि.ग्रॅ.वर येईल आणि गुणाकार तोच राहील. हे उदाहरण केवळ समजण्यासाठी घेतले आहे. परंतु पुढील वादाचे मर्म यातच आहे.

एकूण प्रवाह की वाटप?

रक्तप्रवाह वाढविला की शर्करेचे ग्रहण वाढते, इतके हे सरळ असते तर रक्तवाहिन्या सैल करणारे प्रत्येक औषध मधुमेहावर चालले असते. तसे घडत नाही. प्रयोगात विविध द्रव्यांनी प्रवाह वाढवूनही शर्करेचे ग्रहण वाढले नाही, असे अनेकदा आढळले. शिवाय इन्सुलिनने होणारी एकूण प्रवाहाची वाढ सावकाश होते आणि ती दिसण्यासाठी बहुधा अधिक मात्रा लागते. या कारणांस्तव १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी रक्तवाहिन्यांच्या या कार्याला फारसे महत्त्व देण्यास नकार दिला होता.

या वादाला वेगळी दिशा मिळाली ती ऑस्ट्रेलियातील टास्मानिया आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील गटांमुळे. स्टीफन रॅटिगन, मायकल क्लार्क आणि यूजीन बॅरेट यांनी १९९७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले की, महत्त्व एकूण प्रवाहाला नसून केशवाहिन्यांतील वाटपाला आहे. पुढे अतिसूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडून ध्वनिलहरींच्या साहाय्याने केशवाहिन्यांतील रक्त मोजण्याचे तंत्र मानवावर वापरले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नित्याच्या आहारानंतर असते तितक्या इन्सुलिननेही हाताच्या स्नायूंतील केशवाहिन्या अधिक संख्येने कामात येतात, असे दिसले. २००६ मध्ये याच तंत्राने दाखविले गेले की, स्थूल व्यक्तींमध्ये हा प्रतिसाद बोथट झालेला असतो. म्हणजे पाटाला किती पाणी आले यापेक्षा किती चाऱ्या उघडल्या, हा प्रश्न अधिक योग्य ठरला.

एंडोथेलिन रोखल्यास काय होते?

कार्यकारणभाव सिद्ध करावयाचा तर संशयित द्रव्य द्यावे आणि रोखावे, अशा दोन्ही बाजूंनी परीक्षा करावी लागते. एंडोथेलिनच्या बाबतीत ती झाली आहे.

२००७ मध्ये इंडियाना विद्यापीठातील गटाने कृश आणि स्थूल व्यक्तींच्या पायाच्या धमनीत, इन्सुलिन चालू असताना, 'अ' ग्राहक रोखणारे बीक्यू-१२३ हे द्रव्य दिले. स्थूल व्यक्तींमध्ये रक्तवाहिन्या सैल झाल्या आणि पायाचे शर्कराग्रहण वाढले. कृश व्यक्तींमध्ये तसा परिणाम आढळला नाही. याचा अर्थ असा की, निरोगी देहात एंडोथेलिनचा अडसर नगण्य असतो. प्रतिरोध असलेल्या देहात मात्र तो खरा अडसर असतो. त्याच वर्षी स्वीडनमधील स्टॉकहोम येथील गटाने स्थूलता, इन्सुलिन-प्रतिरोध आणि हृद्रोग असलेल्या रुग्णांत दोन्ही ग्राहक रोखले असता इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद तात्पुरता सुधारतो, असे प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये याच गटाच्या अभ्यासात एंडोथेलिनने मानवी हातातील शर्कराग्रहण घटते, आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी स्नायूपेशींतही ते घटते, असे आढळले. ताटलीतील पेशींना रक्तवाहिन्या नसतात. अर्थात एंडोथेलिन केवळ चारीचे दार लावत नाही, तर वाफ्याच्या तोंडाशीही अडवते.

मग एंडोथेलिन रोखणारी औषधे मधुमेहावर का दिली जात नाहीत? वरील प्रयोग काही तासांचे, थोड्या व्यक्तींवरचे आणि बहुतांशी एकाच अवयवापुरते आहेत. बोसेंटान हे या वर्गातील औषध २००१ पासून फुफ्फुसीय धमन्यांच्या उच्च रक्तदाबासाठी वापरात आहे. ॲप्रोसिटेंटान हे दुसरे औषध २०२४ मध्ये अमेरिकेत दुर्दम्य रक्तदाबासाठी मान्य झाले. मधुमेहातील शर्करा उतरविण्यासाठी यांपैकी कोणतेही मान्यताप्राप्त नाही. देहात पाणी साठणे आणि गर्भाला गंभीर अपाय हे या वर्गाचे दोष आहेत. बोसेंटान यकृतालाही इजा करू शकते. यंत्रणा समजली म्हणजे औषध सापडले, असे होत नाही.

अँजिओटेन्सिन या आवळणाऱ्या संप्रेरकाचाही असाच धडा आहे. ते रोखणाऱ्या औषधांनी मधुमेह टळेल अशी आशा होती. २००६ मध्ये ड्रीम या चाचणीत रॅमिप्रिलने मधुमेहाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. २०१० च्या नॅव्हिगेटर चाचणीत वलसार्टनने ते १४ टक्क्यांनी घटले. परिणाम आहे, पण माफक आहे.

व्यायाम : इन्सुलिनखेरीज उघडणारे दार

वैद्यांच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत उपयुक्त भाग आता येतो. स्नायू आकुंचन पावू लागला की तो इन्सुलिनची वाट पाहत नाही. ग्लूट-४ दुसऱ्या, स्वतंत्र संकेतमार्गाने पेशीच्या आवरणावर येते आणि केशवाहिन्याही कामात घेतल्या जातात. मधुमेही व्यक्तीत इन्सुलिनचा मार्ग बिघडलेला असला तरी हा मार्ग पुष्कळ अंशी शाबूत असतो.

येथेही नायट्रिक ऑक्साइडचा वाटा आहे. मेलबर्न येथील अभ्यासकांनी सायकल चालविणाऱ्या व्यक्तींच्या पायात नायट्रिक ऑक्साइड तयार होणे रोखले असता, एकूण रक्तप्रवाह न घटताही शर्कराग्रहण घटले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढील अभ्यासात ही घट निरोगी व्यक्तींपेक्षा मधुमेही व्यक्तींत अधिक होती. म्हणजे चालताना वा सायकल चालविताना मधुमेही स्नायू या दूतावर अधिक विसंबून असतो.

व्यायामाचा अर्थ केवळ आखाडा वा व्यायामशाळा असा नव्हे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात स्थूल प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, सलग बसून राहण्याऐवजी दर २० मिनिटांनी उठून दोन मिनिटे चालल्यास जेवणानंतरची शर्करा व इन्सुलिन दोन्ही कमी राहिली. २०१३ मध्ये वृद्धांवरील एका अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालण्याचा लाभ दिसून आला. आमच्या त्या दुकानदार गृहस्थांना आम्ही आता औषधाइतक्याच गांभीर्याने सांगतो की, गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या माराव्यात आणि जेवल्यावर गल्ल्यावर न बसता वेशीपर्यंत जाऊन यावे.

संहितेच्या दृष्टीने

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत सुखासनाचा आणि अतिनिद्रेचा उल्लेख केला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तर प्रमेही व्यक्तीने पादत्राण व छत्र यांवाचून शंभर योजने चालावे, विहीर खणावी, इतपत श्रम सांगितले आहेत. स्नायू कामाला लावणे हीच चिकित्सा, हे आचार्यांनी निरीक्षणाने जाणले होते. मात्र अनवाणी चालण्याचा उपदेश आजच्या रुग्णाला जसाच्या तसा देता येणार नाही. पायाची संवेदना गेलेल्या मधुमेहीला एक काटासुद्धा पाय गमवावयास लावू शकतो.

स्रोतोरोध आणि केशवाहिन्यांचे आकुंचन यांची तुलना करण्याचा मोह येथे होतो. तो आवरावा, असे आम्हाला वाटते. स्रोतस ही संकल्पना कितीतरी व्यापक आहे; तिला केशवाहिनी म्हटल्याने ना संहितेचा मान वाढतो, ना शरीरक्रियेचे ज्ञान. दोन्ही शास्त्रे एकाच रुग्णाकडे पाहत आहेत, एवढे पुरेसे आहे. आमची चूक झाली ती या दोहोंना घाईने एका वाक्यात बांधल्यामुळेच.

चिकित्सालयात आणि भांडारात

वरील विवेचनातून व्यवहारात काय घ्यावे, ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, रुग्णाला समजावताना 'शिरा मोकळ्या होतील' अशा वाक्यांपासून दूर राहावे. रक्तवाहिन्यांचा अडसर हा प्रतिरोधाचा एक भाग आहे, संपूर्ण प्रतिरोध नव्हे. चालू असलेले इन्सुलिन वा गोळ्या संबंधित डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत, हे प्रत्येक भेटीत स्पष्ट शब्दांत सांगावे.

दुसरी गोष्ट, चालण्याचा सल्ला लेखी द्यावा : किती मिनिटे, कोणत्या जेवणानंतर. इन्सुलिन अथवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड अशा गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला व्यायामाने शर्करा अतिकमी होण्याची शक्यता असते; त्याने खिशात साखर ठेवावी. पायाला व्रण, दृष्टिपटलाचा विकार, छातीत दुखणे असल्यास आधी तपासणी करवून घ्यावी.

तिसरी गोष्ट, तंबाखू, विडी आणि मिश्री यांची विचारपूस आवर्जून करावी. निकोटीन रक्तवाहिन्या आवळते आणि धूम्रपान अंतःस्तराची नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याची क्षमता घटविते. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया विचारल्याखेरीज ते सांगत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

चौथी गोष्ट खास भांडारचालकांसाठी. 'रक्तवाहिन्या उघडून साखर उतरविणारे' अशा दाव्यांचे अर्जिनीनयुक्त वा तत्सम पूरक पदार्थ बाजारात येतात. अर्जिनीनपासून देहात नायट्रिक ऑक्साइड बनते हे खरे. परंतु हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते दिले असता लाभ न होता त्या गटात अधिक मृत्यू झाल्याने एक चाचणी थांबवावी लागली, व ते निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. फुफ्फुसीय रक्तदाबासाठी बोसेंटान घेणाऱ्या रुग्णाला ग्लिबेनक्लामाइड देणे निषिद्ध आहे, कारण दोन्ही मिळून यकृताला इजा संभवते. अशी दोन चिठ्ठीपत्रे एकाच व्यक्तीची आली तर औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःच्या द्रव्यांविषयी. यष्टिमधु अधिक मात्रेत वा दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. पोटॅशियम घटले की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्यासही बाधा येते. रक्तदाबासाठी मूत्रल गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीला यष्टिमधुप्रधान कल्प देताना हे ध्यानी ठेवावे. तसेच एखादे द्रव्य प्रयोगशाळेत नायट्रिक ऑक्साइड वाढविते एवढ्यावरून ते मानवी स्नायूत शर्करा वाढवील, असे अनुमान काढू नये. मधुमेह बरा करण्याच्या जाहिराती आक्षेपार्ह ठरविणारा औषधे व जादुई उपाय यांविषयीचा १९५४ चा कायदा आपल्यालाही लागू आहे, याचे विस्मरण होऊ नये.

समारोप

रक्तातील शर्करा आणि स्नायूतील शर्करा यांच्यामध्ये एकपदरी पेशींची एक भिंत उभी आहे. ती दोन हातांनी काम करते. एक हात दार उघडतो, दुसरा ओढून घेतो. स्थूल, बैठ्या, तंबाखूसेवी देहात ओढणारा हात बळावतो. त्याला थेट रोखणारे सुरक्षित औषध मधुमेहासाठी अद्याप कोणाच्याही पेटीत नाही, आपल्याही नाही. उघडणाऱ्या हाताला बळ देणारा उपाय मात्र प्रत्येक रुग्णाच्या पायांत आहे. तो सांगण्यासाठी चिकित्सकाला पाच मिनिटे अधिक खर्चावी लागतात. आमच्या त्या गृहस्थांना ती पाच मिनिटे आम्ही पहिल्याच भेटीत दिली असती तर त्यांचे रुग्णालयातील दिवस वाचले असते. वाचकांनी आपल्या चिकित्सालयातील असे अनुभव, विशेषतः फसलेले, याच पृष्ठांवर मांडावेत, अशी विनंती करून हे विवेचन येथे थांबवितो.